खोडामागे किती?

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जो मनुष्य बाटल्या धुतो, काचपट्ट्या पुसतो आणि प्राध्यापकाला हवी असलेली वस्तू टेबलावर आणून ठेवतो, त्याला त्या काळी आमच्याकडे हजेरीपटावर ‘हमाल’ असे लिहीत. जून १९५२ मध्ये अमळनेरला आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही जागा रिकामी झाली. शिपाई लोटन याने ती बातमी गावात नेली. ‘कॉलेजात हमाल पाहिजे’ एवढेच त्याने सांगितले. ती बातमी कापसाच्या जिनपर्यंत, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यापर्यंत, पोहोचली आणि सोमवार, दिनांक १६ रोजी सकाळी अकरा वाजता खरोखरीचा एक हमाल माझ्या दारात येऊन उभा राहिला.

नाव पितांबर सुकदेव फिरके. वय बत्तीस. मूळ गाव फैजपूरजवळचे, घरची थोडी जमीन, त्यात केळी. विहीर आटल्यामुळे सहा वर्षांपूर्वी अमळनेरला येऊन जिनमध्ये लागलेला. गळ्यात तुळशीची माळ, खांदे दाराच्या चौकटीएवढे, मान आखूड आणि जाड. तो आत आला आणि टेबलापुढील खुर्चीच्या पाठीशी, दोन्ही हातांनी ती धरून, उभा राहिला. बसा म्हटले तरी बसेना.

“काय उचलायचं हाये साहेब?”

“काचेची भांडी.”

“आन्?”

“पाणी. खालच्या नळावरून वर दोन घागरी, रोज सकाळी.”

“आन् पोती?”

“पोती नाहीत.”

त्याने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. मग तो खुर्चीमागून बाहेर आला, आणि तो इतका वेळ तिच्यामागे का उभा होता हे माझ्या ध्यानात आले. धोतराखालून दिसणारा त्याचा डावा पाय उजव्याच्या मानाने काठीसारखा होता. आदल्या वर्षी रेल्वेच्या मालधक्क्यावर कापसाची एक गाठ घरंगळून त्या पायावर आली. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधून चार महिने त्याला निजवून ठेवले. हाड जुळले, पण कामट्या सोडल्या तेव्हा पोटरी नाहीशी झाली होती. हाडवैद्याने ती दाबून पाहिली आणि निकाल दिला, की पायाच्या शिरा वाळल्या आहेत. आता या पायावर ओझे दिलेस तर रक्ताअभावी पाय करपेल.

मी त्याच्या हाती काठोकाठ भरलेले एक काचपात्र दिले आणि खिडकीपर्यंत जाऊन परत यायला सांगितले. तो लंगडत गेला, लंगडत आला. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. त्याच दिवशी मी त्याचे नाव हजेरीपटावर लिहून घेतले.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. जिन्याला बावीस पायऱ्या. पितांबर खांद्यावर घागर घेऊन चढे तेव्हा प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय ठेवी, त्यावर सगळा भार घेई आणि मग डावा पाय जवळ ओढून घेई. बावीस पायऱ्या म्हणजे बावीस वेळा उजवाच. लोटन खाली स्टुलावर बसून ते मोजत असे. तो अमळनेरचाच, त्याची बोली अहिराणी.

“पितांबर, तुना डावा पाय पेन्शनीत गया का रे?”

“नाना, तुमचे दोन्ही गेले. मी कदी काई म्हनलो का?” पितांबर वरून म्हणे. लोटन दिवसभर त्या स्टुलावरून उठत नसे, हे सर्वांना ठाऊक होते.

सहा महिन्यांत पितांबरने प्रयोगशाळेला अशी शिस्त लावली की मला बोट ठेवायला जागा राहिली नाही. त्याला इंग्रजी अक्षरे येत नसत, तरी बाटल्यांचा क्रम चुकत नसे. चिठ्ठी वाचण्याऐवजी तो रसायनाचा रंग, बुचाचा आकार आणि वास लक्षात ठेवी. परंतु त्याचा खरा विशेष निराळा होता. तो विचारत असे. एकदा त्याने मला विचारले, की त्याच्या मानेवर पोती वाहून वाहून जो मांसाचा उंचवटा आला आहे, त्याला रक्त कोण देते? जन्मताना तर तो उंचवटा नव्हता.

मी त्याला सांगितले, की शरीरात केसापेक्षाही बारीक नळ्यांचे जाळे असते. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. स्नायूच्या प्रत्येक तंतूला त्याच रक्त पोहोचवतात. ग्रंथांत असे म्हटलेले आहे, की विश्रांतीच्या वेळी त्यांतील पुष्कळशा मिटलेल्या असतात आणि काम पडले की उघडतात.

पितांबरने बराच वेळ बाटली पुसली.

“साहेब, आमच्याकडे केयीच्या बागात जी सारी एक वरीस बंद ठिवली, ती बुजते. आन् बाग वाढोला तर नव्या साऱ्या पाडा लागता. जुन्या किती उघडसान?”

सारी म्हणजे केळीच्या दोन ओळींमधून पाणी नेणारा बारीक चर. मला हा दृष्टांत तेव्हा बाळबोध वाटला. पण प्रश्न बाळबोध नव्हता. योगायोगाने विद्यापीठाच्या पदवीसाठी मी जो प्रबंध लिहू पाहत होतो त्याचा विषयही हाच होता. स्नायू श्रमाने वाढला तर त्यातील केशवाहिन्या वाढतात की आहेत त्याच पुरतात? ग्रंथांचे याबाबत एकमत नव्हते.

त्या दिवाळीत पितांबरच्या धाकट्या भावाचे, सुपडूचे, पोस्टकार्ड आले. ते मीच त्याला वाचून दाखवले, कारण तो अक्षर लावीत बसला असता तर दुपार गेली असती. मजकूर थोडा होता. विहीर आणखी दोन पुरुष उंचीइतकी खोल नेली, झरा लागला. येत्या मृगात दोन हजार खोड लावतो. आबा थकले, त्यांच्याने होत नाही. मी एकटा पडतो. तुझा पाय ओझे घेत असेल तर ये. नसेल तर येऊ नको, बागेत बसून काय करशील?

शेवटचे वाक्य मी हळू वाचले. त्यात रागाचा लेशही नव्हता, आणि त्यामुळेच ते अधिक लागले असावे. केळीच्या बागेत पंधरावीस शेरांचा घड खांद्यावर घेऊन ओल्या मातीतून, साऱ्या ओलांडीत, गाडीपर्यंत यावे लागते. तेथे उजवा पाय निसरला तर सगळा भार डाव्याने सावरायचा असतो.

“मृगाले किती महिने साहेब?”

“सात.”

त्याने पोस्टकार्ड घडी न घालता टोपीत ठेवले. तेव्हापासून त्याला काय हवे आहे हे मला ठाऊक होते, आणि ते माझ्या हाती नव्हते.

सोमवार, ५ जानेवारी १९५३ रोजी मी प्रयोग सुरू केला. बाजारातून सहा कोंबडे आणले. प्रत्येकाच्या डाव्या पायात कापडी पट्टा बांधला आणि त्यात शिशाचे छर्रे भरले. आरंभी एक छटाक, नंतर वाढवीत तीन छटाकांपर्यंत. उजवा पाय मोकळा. अशा रीतीने एकाच पक्ष्याचे दोन पाय परस्परांशी ताडून पाहता येणार होते. आठ आठवडे ते कोंबडे कॉलेजच्या मागच्या आवारात पट्टे बांधून हिंडत आणि त्यांची देखभाल पितांबर करी. लोटनने त्याला ‘कोंबडेमास्तर’ हे नाव दिले.

“बठ्ठं कालेज हाशी राहिनं साहेब,” तो मला म्हणाला. “कोंबडास्ले पैंजण घालात, आते लगीन कव्हय?”

“तुमच्या पोराचं ठरलं की,” पितांबर आवारातून ओरडला.

चौथ्या आठवड्यात मला प्रयोगशाळेच्या फरशीवर वाळू दिसू लागली. मी दोनदा झाडून घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच, आणि तीही एका बारीक रेषेत, टेबलापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून मोरीपर्यंत. मला प्रयोगशाळेत अस्वच्छता खपत नाही. मी त्या रेषेमागून चालत गेलो. ती पितांबरच्या डाव्या पायाशी संपली.

“धोतर वर करा,” मी म्हटले.

त्याने धोतर वर केले. घोट्याच्या वर जुन्या पातळाच्या कापडाची एक पिशवी बांधलेली होती. तिची शिवण उसवली होती.

“कधीपासून?”

“कोंबड्यायले बांधलं त्याच दिसापासून.” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. “त्यायचा डावा पाय जाड व्हऊ लागला साहेब. म्या हातात धरून पाह्यला. म्हनलं, कोंबड्याले व्हतं तर…”

मी रागवायला हवे होते. प्रत्यक्षात मी खणातून शिंप्याची मोजपट्टी काढली. उजवी पोटरी चौदा इंच. डावी अकरा. तो म्हणाला, आधी याहून कमी होती, त्याने सुतळीने मोजून ठेवली होती. सुतळीची गाठ पावणेअकरावर येत होती. त्या दिवसापासून दर सोमवारी साडेदहा वाजता मी त्याची पोटरी मोजू लागलो आणि आकडा एका स्वतंत्र वहीत लिहू लागलो. पिशवी त्याची पत्नी मंजुळाबाई हिने नव्याने शिवून दिली, दुहेरी टीप घालून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रयोग पुरा झाला. पक्ष्यांना क्लोरोफॉर्म देण्याचे काम मी स्वतः केले. पितांबर माळकरी होता. तो तेवढा वेळ व्हरांड्यात पाठ करून उभा राही आणि नंतर निमूटपणे येऊन भांडी धुई. रक्तवाहिन्यांत मी काळी शाई आणि जिलेटिन भरले, म्हणजे बारीकातली बारीक नळीही सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यासारखी दिसावी. पोटरीचे आडवे काप घेतले. नेत्रभिंगात चौकटी आखलेली काच बसवली आणि प्रत्येक चौकटीत काळे ठिपके किती हे मोजले. सहा पक्षी, बारा पाय, प्रत्येकाच्या चाळीस चौकटी.

मोकळ्या पायाची सरासरी आली अठ्ठावीस. ओझ्याच्या पायाची सत्तावीस.

मी गणित तीन वेळा तपासले. स्नायू उघड्या डोळ्यांना दिसेल इतका वाढला होता, पण चौकटीमागे केशवाहिन्या वाढल्या नव्हत्या. झालीच तर एकाने घट झाली होती. मी प्रबंधाचे वाक्य लिहिले आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचून पाहिले: “वाढलेल्या स्नायूत केशवाहिन्यांची वाढ झाल्याचा पुरावा आढळत नाही.”

पितांबर मोरीपाशी होता. पाण्याचा आवाज थांबला.

“म्हंजी मांस वाढलं, पानी तेवढंच?”

“मोजणी तसे सांगते.”

“मंग तो पाय करपला असता. थोड्या दिसानं.”

“तसे मी म्हटलेले नाही.”

“हाडवैद्यानं म्हनलेलं हाये,” तो म्हणाला आणि नळ पुन्हा सोडला.

पुढच्या सोमवारी साडेदहाला मी मोजपट्टी काढली. तो आला नाही. कपाटाच्या मागे काचपट्ट्या लावीत बसला होता, त्या लावलेल्याच होत्या. जिन्यावर पुन्हा बावीस वेळा उजवा पाय. लोटनने थट्टा केली नाही, यावरून त्यालाही काहीतरी कळले होते.

त्या गुरुवारी मंजुळाबाई प्रयोगशाळेच्या दाराशी आली. मी तिला यापूर्वी एकदाच पाहिले होते. उंच, सडपातळ, बोलताना पदर दाताखाली धरणारी. त्या दिवशी तिने पदर सोडला होता.

“साहेब, तुमी काय सांगतलं त्यायले?”

“मी काही सांगितले नाही, बाई. मोजणीत जे आले ते वाचले.”

“त्यायनं पिशी खुटीले टांगून ठिवली. इचारलं तर म्हनता, झाड मोठं झालं आन् पानी वाढलं नही तर उभ्यानं वायते. मी सुपडूभाऊले सांगावा धाडला व्हता, येतो म्हनून. आता काय धाडू? कोंबड्यानं नही म्हनलं, असं?”

 पितांबर मोरीपाशी खाली मान घालून उभा होता. मी म्हटले, “पितांबर, इकडे या. माझ्या शब्दावर जाऊ नका. स्वतः पाहा.” आणि त्याला सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवले.

नऊ महिने तो ते यंत्र पुसत होता. त्यातून पाहण्याची ही त्याची पहिलीच वेळ. आधी त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग त्याने डोळा नळीजवळ नीट धरला.

“हा तं बाग हाये.”

“काय?”

“केयीचा बाग. वरून पाह्यल्यासारका. ही गोल गोल खोडं. आन् हे काये ठिपके म्हंजी त्यायच्या मधल्या साऱ्या. हाये ना?”

आडव्या कापातले स्नायुतंतू खरोखरच तसे दिसतात, लगतलगत उभ्या असलेल्या बुंध्यांच्या कापलेल्या तोंडांसारखे. मी होय म्हटले. त्याने मान वर न करता दुसरी काचपट्टी मागितली. मोकळ्या पायाची आधी पाहिली होती, ही ओझ्याच्या पायाची. तो परत पहिलीवर गेला. मग पुन्हा दुसरीवर.

“साहेब, या एका चौकटीत खोडं किती?”

“ठिपके सत्तावीस आहेत.”

“ठिपके नही. खोडं.”

 खोडे मी मोजली नव्हती. ग्रंथात चौकटीमागे वाहिन्या मोजा असे होते. मी चौकट आखली होती, आणि चौकट नीट आखली म्हणजे मोजणी नीट झाली अशी माझी समजूत होती.

“आमच्याकडे केयीले कोनी बिघ्यानं इचारत नही,” तो म्हणाला. “जिमीन किती, असं इचारलं तर लोक हसता. किती खोडं, असं इचारता. दाट लावलं का इरय लावलं, बिघा कसा सांगीन? पानी खोडाले द्या लागते.”

विद्यार्थ्याला सांगावे तसे त्याने मला शेजारच्या यंत्रावर बसवले. दोघांनी एकेक चौकट मोजली. मोकळ्या पायाच्या चौकटीत तंतू वीस, वाहिन्या अठ्ठावीस. ओझ्याच्या पायाच्या चौकटीत तंतू चौदा, वाहिन्या सत्तावीस. तंतू जाड झाले होते, म्हणून त्याच चौकटीत कमी मावत होते.

“वीस खोडांले अठ्ठावीस,” पितांबर हळूहळू म्हणाला. “आन् इकडे चौदाले सत्तावीस. म्हंजी खोडामागे…”

“आधी एक पूर्णांक चार दशांश. आता जवळजवळ दोन.”

“म्हंजी पानी वाढलं ना!”

दारातून मंजुळाबाई म्हणाली, “वाढलं?”

मी हात वर केला. शास्त्रात एका चौकटीवरून हर्ष करायचा नसतो. शिवाय मला एक शंका होती, आणि ती मी बोलून दाखवली. एक वाहिनी दोन तंतूंच्या मधून जाते, मग ती कोणाची धरायची?

“कोनाची धरू नका,” पितांबर म्हणाला. “सारी दोन्ही ओयीले पानी देते. बठ्ठ्या साऱ्या मोजा, बठ्ठी खोडं मोजा, वाटून टाका.”

‘बठ्ठ्या’ हा शब्द त्याने लोटनकडून उचललेला होता. युक्तिवाद त्याचा स्वतःचा होता, आणि मला त्यात दोष काढता आला नाही.

मी सर्व काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्यांवर कोरा कागद चिकटवला, म्हणजे कोणता पाय कोणता हे मोजणाऱ्याला कळू नये. ज्याला एक उत्तर हवे असते त्याचे डोळे तेच उत्तर शोधतात. पितांबरला मी हे स्पष्ट सांगितले. त्याला वाईट वाटले नाही. “बराबर हाये,” तो म्हणाला. “माह्यावर भरोसा नका ठिवू. मी त्या पायाकडचा मानूस हाये.”

नऊ दिवस तो रोज दुपारी दोन तास मोजीत बसला. दर दहा खोडांना तुरीचा एक दाणा वाटीत टाकी. मी स्वतंत्रपणे तेच मोजले. दहाव्या दिवशी आम्ही कागद सोलले. सहाही पक्ष्यांत उत्तर एकाच दिशेचे होते. ओझ्याच्या प्रत्येक पायात खोडामागे वाहिन्या अधिक होत्या.

मग मला माझी पहिली मोजणीही नव्याने समजली. ती चुकीची नव्हती. चौकटीमागे अठ्ठावीस आणि सत्तावीस, म्हणजे जवळजवळ सारखेच. स्नायू जितका जाड झाला, त्याच मापाने वाहिन्याही वाढल्या आणि प्रमाण पूर्ववत राहिले, असा त्या आकड्याचा अर्थ होता. मी त्याचा अर्थ लावला होता की काहीच वाढले नाही. तेच दोन आकडे, आणि मी त्यांवरून एका माणसाला पिशवी खुंटीला टांगायला लावली होती.

मी वाक्य खोडून नवे लिहिले. या खेपेस मोठ्याने वाचण्यापूर्वी पितांबरला समोर बसवले आणि त्याच्या मर्यादाही सांगितल्या. या नव्या वाहिन्या जुन्यांना फाटे फुटून झाल्या की अन्य रीतीने, हे मला ठाऊक नाही. पक्षी सहाच होते. त्यांचे पाय आधी वाळलेले नव्हते, निरोगी होते. कोंबडा म्हणजे मनुष्य नव्हे. यावरून तुमच्या पायाबद्दल मी काहीही हमी देऊ शकत नाही.

त्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले.

“एक मोठा फरक तुमी सांगतला नही साहेब.”

“कोणता?”

“कोंबड्याले हाडवैद्य नव्हता. त्याले कोनी सांगतलं नही का त्याच्या शिरा वायल्या. तो चालत गेला.”

त्या सोमवारी साडेदहाला तो स्वतः मोजपट्टी घेऊन आला. मधल्या तीन आठवड्यांत पोटरी पाव इंच कमी झाली होती. पिशवी पुन्हा पायात आली, वाळू वाढली. परीक्षा संपून कॉलेजला सुटी लागली तेव्हा जिना रिकामा झाला आणि तो त्याने आपल्या ताब्यात घेतला. आधी रिकाम्या हाताने, पहिल्या तीनच पायऱ्या, डावा पाय पुढे. मग अर्धी घागर. लोटन स्टुलावर बसून मोजणी करी, पण आता उलट बाजूची.

“डावा सहा… डावा सात… अरे थांब, जोर उज्वावर ऱ्हायना! खोटं शे हाई, परत ये खाले!”

पितांबर खाली येई आणि पुन्हा चढे. पाय दुखे, रात्रीतून पेटके येत, मंजुळाबाई तेल चोळी. पण करपला नाही. एके दिवशी तर लोटन स्वतः स्टुलावरून उठला आणि घागर धरून त्याच्यामागोमाग सहा पायऱ्या चढला, केवळ भार खरोखर डाव्यावर पडतो की नाही हे जवळून पाहावे म्हणून. ३० मेच्या शनिवारी पितांबरने भरलेली घागर खांद्यावर घेऊन बावीसही पायऱ्या डाव्या पायाने चढून दाखवल्या. पोटरी पावणेतेरा इंच होती. उजवी अद्याप चौदा.

प्राचार्यांनी त्याच सुमारास मला बोलावून सांगितले, की फिरके यांची जागा कायम करायला हरकत नाही. अर्जावर माझी सही हवी होती. मी अर्ज घेऊन वर आलो. इतका नेटका मनुष्य मला प्रयोगशाळेत पुन्हा मिळणार नव्हता आणि एक शब्द उच्चारला असता तर तो कदाचित थांबलाही असता. त्याला माझा शब्द मोडता येत नसे. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि त्याला इतकेच विचारले, की मृग केव्हा लागतो.

“आठ दिसांनी साहेब.”

“मग हा अर्ज कोणासाठी आहे ते मला समजत नाही,” मी म्हटले, आणि कार्यमुक्तीचा कागद लिहायला घेतला.

माझा प्रबंध यथाकाल मान्य झाला. आभाराच्या पानावर पितांबर सुकदेव फिरके हे नाव आहे. परीक्षकांनी हे कोण, कोणत्या संस्थेचे, असे विचारले. मी उत्तर दिले, फैजपूरचे.

डिसेंबर १९५८ मध्ये तेथील एका शाळेच्या समारंभासाठी मला जावे लागले. भुसावळला गाडी बदलली, सावद्याला उतरलो आणि समारंभ आटोपल्यावर चौकशी करीत फिरक्यांच्या बागेत गेलो. कापणी चालू होती. आत पानांचा हिरवा अंधार, खाली ओली काळी माती. सुपडू विळ्याने घड उतरवीत होता. पितांबर घड खांद्यावर घेऊन गाडीकडे जात होता. वाटेत पाण्याने भरलेली एक सारी आडवी होती. त्याने डावा पाय पलीकडे टाकला, पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला, सगळा भार त्याच पायावर आला आणि तो तसाच पुढे निघून गेला. त्याला त्याचे काही वाटले नाही. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो.

परत येताना त्याला मी दिसलो. राम राम झाला. घड ठेवायची खांद्यावरची चुंबळ काढून त्याने माझ्यासाठी बांधावर अंथरली. पाच वर्षांनी मी आलो होतो, पण इकडच्या तिकडच्या गोष्टी त्याने एकाही विचारल्या नाहीत. एकच प्रश्न तो साठवून बसला होता, आणि तो त्याने असा विचारला, जणू मी काल गेलो आणि आज आलो.

“साहेब, एक इचारू? त्या नव्या साऱ्या, कोंबड्यायच्या. ओझं काढून घेतलं असतं तर त्या राह्यल्या असत्या का बुजल्या असत्या?”

मला उत्तर माहीत नव्हते. मी तसे सांगितले. ते पाहायचे तर आठ आठवड्यांनी पट्टे सोडायला हवे होते, आणखी आठ आठवडे थांबायला हवे होते आणि मग मोजायला हवे होते. हे मला तेव्हा सुचले नाही.

“मालेबी नही सुचलं,” तो म्हणाला. त्याने आपल्या डाव्या पोटरीकडे पाहिले, चिखल वाळून तिच्यावर भेगा पडल्या होत्या. “पाहाले पाह्यजे होतं.”

“आता पाहता येईल. कोंबडे आणू.”

“तुमी आना,” पितांबर हसत म्हणाला. बागेतून सुपडूने हाक मारली, तो घड तोलून उभा होता. “माह्या पायावर मात्र पाहू नका. मी काई थांबून पाहात नही.”

आणि तो चुंबळ उचलण्यासाठी मला बांधावरून उठवू लागला.